जवळच्या वाटेचा शोध

एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यास अनेक वाटा असल्या, म्हणजे त्यांतील सर्वांत जवळची वाट कोणती, असा प्रश्न वाटसरूपुढे उभा राहतो. गावे दोन-चारच असली, तर हा हिशेब बोटांवर करता येतो. परंतु गावे शेकड्यांनी असली आणि रस्त्यांचे जाळे दाट असले, म्हणजे भल्याभल्या हिशेबनिसांची मती गुंग होते. या प्रश्नाचे सोपे आणि बिनचूक उत्तर सव्वीस वर्षांच्या एका डच तरुणाने वीस मिनिटांत शोधून काढले, आणि तेही हाती कागद-पेन्सिल न घेता. त्या तरुणाचे नाव एड्सगर डाइकस्ट्रा.

डाइकस्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्स देशातील रॉटरडॅम या बंदराच्या शहरी झाला. वडील रसायनशास्त्राचे अध्यापक होते. आई गणितात पारंगत होती. मात्र तिने कोठे नोकरी केली नाही. गणित हा विषय कठीण असतो काय, असे लहानग्या एड्सगरने एकदा आईला विचारले. तिने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. सूत्रे पक्की ठाऊक असावीत, ही पहिली. आणि एखादी गोष्ट सिद्ध करण्यास पाचांहून अधिक ओळी लागू लागल्या, तर आपली वाट चुकली असे समजावे, ही दुसरी. आईचे हे सांगणे मुलाच्या मनावर कायमचे कोरले गेले.

एड्सगरचे दहावे वर्ष पुरे होते न होते, तोच देशावर युद्धाचे संकट कोसळले. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदरलँड्सवर चाल केली आणि १४ मे रोजी विमानांतून बाँब टाकून रॉटरडॅम शहराचा मध्यभाग भुईसपाट केला. पुढील पाच वर्षे देश परक्यांच्या टाचेखाली होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तर पश्चिम नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि हजारो माणसे उपासमारीने मृत्यू पावली. अशा दिवसांत या मुलाचे शालेय शिक्षण झाले. मोठेपणी कायद्याचा अभ्यास करावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे त्याच्या मनात होते. परंतु शेवटच्या परीक्षेत गणित व विज्ञान या विषयांत त्याला इतके उत्तम गुण मिळाले, की वडीलधाऱ्यांनी त्याला विज्ञानाकडे वळण्याचा सल्ला दिला. १९४८ साली तो लायडेन विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या अभ्यासासाठी दाखल झाला.

त्या काळी संगणक ही अगदी नवी वस्तू होती. एकेक यंत्र दिवाणखान्याएवढी जागा व्यापीत असे आणि साऱ्या जगात अशी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. इंग्लंडमधील केंब्रिज येथे अशा एका यंत्रावर काम करण्याचे शिक्षण तीन आठवडे दिले जाणार आहे, ही जाहिरात वडिलांच्या वाचनात आली. मुलाने परीक्षेत चांगले यश मिळवले, म्हणून बक्षीस या नात्याने त्यांनी त्याला १९५१ साली तेथे पाठवले. वडिलांच्या या एका निर्णयाने मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली.

मार्च १९५२ मध्ये डाइकस्ट्रा ॲमस्टरडॅम येथील गणित केंद्रात अर्धवेळ कामाला लागले. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, याच्या आज्ञा लिहिण्याचे हे काम. असे काम करणाऱ्यास प्रोग्रॅमर म्हणतात. नेदरलँड्समध्ये हे काम पत्करणारे डाइकस्ट्रा हे पहिलेच गृहस्थ होत. आठवड्यातील काही दिवस लायडेनला भौतिकशास्त्र आणि काही दिवस ॲमस्टरडॅमला संगणक, अशी त्यांची तीन वर्षे ओढाताण झाली. अखेर दोहोंपैकी एक निवडणे भाग पडले.

ही निवड सोपी नव्हती. भौतिकशास्त्र ही थोरामोठ्यांनी घडवलेली विद्या. तिचे पंडित होते, ग्रंथ होते, समाजात मान होता. प्रोग्रॅम लिहिणे ही तर विद्या आहे, असेच कोणी मानत नव्हते. यंत्र बनवणाऱ्या मित्रांकडे पाहून डाइकस्ट्रांना त्यांचा हेवा वाटे. त्यांच्याजवळ निश्चित ज्ञान होते. आपल्याजवळ दाखवण्यासारखे काय आहे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. अखेर एके दिवशी ते केंद्रातील आपले वरिष्ठ आड्रियान फान वाइनगार्डन यांच्याकडे गेले आणि त्यांनी मन मोकळे केले. फान वाइनगार्डन यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. आज या विषयास शास्त्राचे रूप नाही, हे त्यांनी मान्य केले; परंतु संगणक आता जगात राहावयासच आले आहेत, तेव्हा या विषयास ते रूप देणारांपैकी आपणच एक का होऊ नये, असे त्यांनी या तरुणास विचारले. त्या खोलीतून डाइकस्ट्रा बाहेर पडले, ते निश्चय करूनच.

१९५६ साली गणित केंद्राने आर्मॅक नावाचा नवा संगणक तयार केला. तो लोकांना दाखवावयाचा होता. पाहुण्यांना गणिताची गहन कोडी काय कळणार? ज्याचा प्रश्नही कोणास समजेल आणि उत्तरही पटेल, असे काम यंत्राकडून करून दाखवणे अवश्य होते. डाइकस्ट्रांनी नेदरलँड्समधील ६४ शहरे व त्यांना जोडणारे रस्ते निवडले. कोणत्याही दोन शहरांमधील सर्वांत जवळची वाट यंत्राने सांगावी, असा बेत ठरला. शहरे ६४ च निवडण्याचे कारणही गमतीचे आहे. संगणकास शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात. असे सहा अंक निरनिराळ्या रीतींनी मांडले, की बरोबर ६४ खुणा तयार होतात. म्हणजे सहा अंकांत प्रत्येक शहराची ओळख पटवता येते.

परंतु जवळची वाट शोधावी कशी? एके सकाळी डाइकस्ट्रा आपली भावी पत्नी रिया हिच्यासह ॲमस्टरडॅमच्या बाजारात खरेदीस गेले होते. हिंडून दमल्यावर दोघे एका कॉफीगृहाच्या अंगणात विसावली. कॉफी घेता घेता डाइकस्ट्रांच्या मनात तो प्रश्न घोळत होता. जवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. वीस मिनिटांत त्यांना रीत सापडली. कागद-पेन्सिल नव्हती म्हणूनच ती इतकी सुटसुटीत झाली, असे ते पुढे मानत असत. कारण मनातल्या मनात विचार करताना अनावश्यक गुंतागुंत माणसास टाळावीच लागते.

ही रीत एका लहानशा उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, अ, ब, क आणि ड अशी चार गावे आहेत. अ पासून ब चार किलोमीटर आणि क एक किलोमीटर आहे. क पासून ब दोन, तर ड आठ किलोमीटर आहे. ब पासून ड पाच किलोमीटर आहे. आपणांस अ हून ड ला जावयाचे आहे. प्रथम अ च्या शेजारची गावे पाहावी. त्यांत क सर्वांत जवळ, म्हणून त्याचे अंतर एक किलोमीटर हे कायम करावे. ते याहून कमी होणे शक्यच नाही. कारण दुसरी वाट धरली, तर तिचा पहिला टप्पाच चार किलोमीटरांचा आहे. आता क वर उभे राहून पाहावे. तेथून ब दोन किलोमीटर, म्हणजे अ पासून एकंदर तीन. पूर्वीचा चार हा आकडा खोडून तीन लिहावा. ड चे अंतर एक अधिक आठ, म्हणजे नऊ झाले. उरलेल्या गावांत ब जवळचे, म्हणून त्याचे तीन कायम. ब वरून ड पाच किलोमीटर, म्हणजे एकंदर आठ. नऊ खोडून आठ लिहावे. अ, क, ब, ड ही वाट सर्वांत जवळची ठरली. गावे चार असोत की चार हजार, रीत हीच. दर वेळी उरलेल्यांतील सर्वांत जवळचे गाव कायम करावयाचे आणि तेथून पुढची अंतरे सुधारावयाची.

१९५७ साली डाइकस्ट्रा विवाहबद्ध झाले. विवाहाच्या नोंदीत व्यवसाय लिहिणे आवश्यक होते. त्यांनी प्रोग्रॅमर असे सांगितले. असा कोणताही व्यवसाय अस्तित्वात नाही, असे म्हणून ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो लिहून घेण्याचे नाकारले. अखेर भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली! ज्या व्यवसायासाठी त्यांनी भौतिकशास्त्र सोडले, त्याला सरकारदरबारी नावही नव्हते. तथापि डाइकस्ट्रा खचले नाहीत. जवळच्या वाटेची रीतही तीन वर्षे अप्रकाशितच राहिली होती. ती १९५९ साली एका गणितविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तो लेख अवघ्या तीन पानांचा होता.

या तीन पानांचे खरे मोल पुढे वीस वर्षांनी जगास कळले. १९६९ साली अमेरिकेत दूरदूरचे संगणक तारांनी एकमेकांस जोडण्यास प्रारंभ झाला. या जाळ्यात ठिकठिकाणी निरोप पुढे पाठवणारी यंत्रे होती. आज अशा यंत्रांना राउटर म्हणतात. प्रारंभी प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राने सांगितलेल्या अंतरावर विश्वास ठेवी. ऐकीव बातमी हळूहळू पसरते, तसे तेथे होई. एखादी तार तुटली, तर ते सर्वांना उमगण्यास वेळ लागे आणि तोवर निरोप भलत्याच वाटांनी भटकत. १९७९ साली तेथील तंत्रज्ञांनी ही पद्धत बदलली. प्रत्येक यंत्राने फक्त आपल्याला जोडलेल्या तारांची खरी स्थिती पाहावी आणि ती जाळ्यातील सर्वांना कळवावी, असे ठरले. त्यामुळे प्रत्येकाजवळ साऱ्या जाळ्याचा सारखाच नकाशा तयार होतो. मग स्वतःस अ कल्पून प्रत्येक यंत्र डाइकस्ट्रांच्या रीतीने सर्व जवळच्या वाटा काढते. येथे अंतर म्हणजे किलोमीटर नव्हेत. निरोप ज्या तारेने लवकर जाईल, ती तार जवळची.

जाळे फार वाढले, तेव्हा नवी अडचण उभी राहिली. नकाशा अवाढव्य झाला आणि एका कोपऱ्यात तार तुटली, तरी साऱ्या यंत्रांना पुन्हा हिशेब करावा लागू लागला. यावर जाळ्याचे विभाग पाडण्याचा उपाय योजण्यात आला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट या नियमावलीत ही व्यवस्था आहे. तीत प्रत्येक विभागाचा सविस्तर नकाशा त्या विभागातील यंत्रांजवळच असतो. मधोमध कण्यासारखा एक मुख्य विभाग असतो आणि इतर विभाग त्याला जोडलेले असतात. सीमेवरील राउटर दोन्ही बाजूंचे नकाशे जाणतो. परंतु पलीकडच्यांना तो गल्लीबोळ सांगत बसत नाही, अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या अंतरावर आहे, एवढाच सारांश कळवतो. आपल्यापासून सीमेपर्यंतचे अंतर आणि सीमेवरून सांगितलेले अंतर यांची बेरीज करून जी वाट कमी भरेल, ती निवडली जाते. हे कार्य इतरांनी केले. परंतु त्याचा पाया कॉफीगृहात सापडलेली ती रीतच होय.

डाइकस्ट्रांचे कर्तृत्व एवढ्यावरच थांबले नाही. १९६० साली त्यांनी याप झोनेफेल्ड या सहकाऱ्यासह अल्गोल नावाच्या नव्या संगणकभाषेचा अनुवादक प्रोग्रॅम तयार केला. काम पुरे होईपर्यंत दाढी करावयाची नाही, असा दोघांनी पण केला होता. काम तडीस गेल्यावर झोनेफेल्ड यांनी दाढी केली; डाइकस्ट्रांनी मात्र ती जन्मभर राखली. १९६२ साली ते आइंडहोवेन येथे गणिताचे प्राध्यापक झाले. प्रोग्रॅम आधी कसाबसा लिहावा आणि मग त्यातील चुका शोधत बसावे, ही रीत त्यांना नापसंत होती. तो मुळातच इतका स्वच्छ विचाराने रचावा, की चुकीला शिरकाव मिळू नये, असा त्यांचा आग्रह असे. या मतासाठी त्यांनी अनेकांचा रोष पत्करला. कित्येकदा त्यांची भाषा बोचरीही असे. १९७२ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ समजला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. ज्या विषयास कोणी शास्त्र मानत नव्हते, त्याचे ते मान्यवर आचार्य ठरले.

१९८४ ते १९९९ या काळात त्यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. संगणकशास्त्राचा हा आचार्य स्वतः मात्र संगणकाचा वापर फारच थोडा करी. आपले विचार ते फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरांत लिहीत, त्यांना क्रमांक देत आणि त्यांच्या प्रती मित्रांना धाडत. अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी नूनेन या गावी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

विवाहाच्या नोंदीत ज्या व्यवसायास जागा मिळाली नाही, त्या व्यवसायात आज लाखो माणसे मानाने काम करीत आहेत. ठरलेला राजमार्ग सोडून डाइकस्ट्रांनी जी वाट धरली, ती तेव्हा कोणत्याही नकाशावर नव्हती. जवळची वाट शोधणाऱ्या या पुरुषाने स्वतःसाठी मात्र सोपी वाट कधीच निवडली नाही. हाती कागद घेण्यापूर्वी मन स्वच्छ करावे आणि नीट विचार करावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.