शस्त्रस्पर्धेचे गणित: लुईस फ्राय रिचर्डसन

परराष्ट्रनीतीचे निर्णय राज्यकर्ते विचारपूर्वक घेतात, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकालाच गणिताच्या भाषेत आव्हान देणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे, युद्ध निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर १९१३ साली ते ब्रिटिश हवामान खात्यात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी शस्त्र धरण्याचे नाकारले; तथापि युद्धाकडे पाठही फिरविली नाही. १९१६ ते १९१९ या काळात फ्रेंच सैन्याबरोबर राहून त्यांनी जखमींसाठी रुग्णवाहिका चालविली. १९२० साली हवामान खाते हवाई मंत्रालयाकडे जाताच त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे पेस्ली येथील तंत्रविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी १९४० साली, युद्धाच्या कारणांचा अभ्यास करता यावा म्हणून, मुदतीपूर्वी सोडले.

त्यांची मांडणी वरकरणी साधी आहे. राष्ट्राची शस्त्रवाढ तीन गोष्टींवर अवलंबून असते: प्रतिस्पर्ध्याच्या शस्त्रांचे भय, स्वतःच्या खर्चाचा भार आणि जुने वैमनस्य. दोन्ही पक्षी भयाची प्रेरणा खर्चाच्या भारापेक्षा प्रबळ ठरली, की समतोल टिकत नाही. एकाचे संरक्षण दुसऱ्याला आक्रमणाची तयारी वाटते आणि दोघेही चढत जातात. १९०९ ते १९१३ या वर्षांतील फ्रान्स-रशिया आणि जर्मनी-ऑस्ट्रिया-हंगेरी यांचे लष्करी खर्च या समीकरणांशी विलक्षण जुळतात, असे त्यांनी दाखविले.

या गणितात मंत्री नाही, संसद नाही, चुकीचा वाचलेला संदेशही नाही, हा आक्षेप रास्त आहे. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगावरील ग्रॅहम ॲलिसन यांच्या १९७१ च्या ग्रंथाने निर्णयामागील खात्यांची ठरीव कार्यपद्धती आणि अधिकाऱ्यांमधील ओढाताण पुढे आणली, ती याच रिकाम्या जागी. परंतु रिचर्डसन यांनी आपली समीकरणे भविष्यवाणी म्हणून मांडलीच नव्हती. राष्ट्रे थांबून विचार करणार नसतील तर काय घडेल, एवढेच ती सांगतात. माणसाची अनुपस्थिती हा त्या गणिताचा केवळ दोष नव्हे; तोच त्यातील इशारा आहे.

३० सप्टेंबर १९५३ रोजी स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. युद्धविषयक त्यांचे दोन प्रमुख ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत जग अण्वस्त्रांच्या स्पर्धेत खोल उतरले होते.