बोटीला इंजिन अडकवणारा ओले

नवेगावबांधच्या काठावरून पलीकडचा काठ जवळच वाटतो. वल्हं हातात घेतलं की मग कळतं! आपल्याकडच्या ढिवरांना हे कुणी सांगायला नको. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, आपल्यासारख्याच तलावांच्या मुलखात, एका गड्याचेही दंड असेच भरून आले होते. त्याचं नाव ओले एव्हिनरूड. पाण्यातल्या माणसाचं नाव ओले, योगायोग भारीच.

जन्म १८७७ चा, नॉर्वेतला. लहानपणीच घरचे शेती करायला अमेरिकेत आले. शाळा लवकर सुटली. त्याने चोरून बांधलेली शिडाची बोट वडिलांनी मोडून टाकली म्हणतात. पठ्ठ्याने दुसरी बांधली. सोळाव्या वर्षी घर सोडून तो यंत्रांच्या कारखान्यांत राबला आणि इंजिनिअरिंग स्वतःच शिकला.

मग बेस कॅरी भेटली. पिकनिकला तिच्यासाठी आइस्क्रीम आणायला तो तलावातून वल्हवत गेला, येईपर्यंत ते वितळलं. हा किस्सा थोडा रंगवलेलाही असेल. पण १९०९ मध्ये त्याचं इंजिन विक्रीला आलं हे पक्कं: दीड हॉर्सपॉवर, २८ किलो, किंमत ६२ डॉलर.

असं इंजिन विकणारा तो पहिला नव्हता, कॅमेरॉन वॉटरमन आधीच होता. पण ओलेची रचना टिकली. चाक वर आडवं, दांडा उभा, पाण्यात गिअर आणि पंखा. बोटीच्या मागच्या फळीवर पकड बसवायची, स्क्रू पिळायचे, झालं! काम संपलं की काढून घरी न्यायचं. यातली गोम अशी, की पंख्याचा सगळा रेटा त्या पकडीतूनच फळीवर येतो आणि थरथरीने स्क्रू सैल होतात. म्हणून फळी मजबूत लागते, आणि जाणकार माणूस आजही इंजिनाला वेगळी दोरी किंवा साखळी बांधतोच. नाहीतर इंजिन थेट तळाशी.

ओले यंत्रात गुंतलेला, धंदा बेसने उभा केला. वल्ही फेकून द्या, असं सांगणाऱ्या जाहिराती तिच्याच डोक्यातल्या. त्यात तिची तब्येत ढासळली. धंदा जोरात असतानाच ओलेने कंपनी भागीदाराला विकली. अट होती, पाच वर्षं या धंद्यात यायचं नाही. आपल्यातल्या किती जणांना जमलं असतं?

पाच वर्षांनी तो नवं इंजिन घेऊन जुन्या भागीदाराकडे गेला. ॲल्युमिनियममुळे हलकं, दोन सिलिंडरचं, ताकद जास्त. भागीदार नाही म्हणाला. मग नवराबायकोने एल्टो नावाची कंपनी काढून जुन्या कंपनीशीच टक्कर घेतली. १९२९ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि अध्यक्ष झाला ओले.

बेस १९३३ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, ओलेही गेला. वय ५७. कारखाना मुलगा राल्फने सांभाळला.