भाऊराव पाटील

कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. खेड्यातील गरीब मुलाचे शिक्षण अडते ते बहुधा शाळेच्या अभावापेक्षा शहरातील निवारा आणि दोन वेळचे जेवण यांवाचून, हे ओळखून त्यांनी वसतिगृहालाच आपल्या कार्याचा पाया केले.

जन्म व शिक्षण

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे हजारो मुलांना आसरा देणारा हा माणूस विद्यार्थिदशेत स्वतःच बेघर झाला होता, ही बाब त्यांच्या चरित्रात सहसा ओझरती येते. वास्तविक ती मध्यवर्ती मानावयास हवी. इंग्रजी शिक्षण अपुरे राहिल्यानंतर त्यांनी काही काळ ओगले व किर्लोस्कर यांच्या कारखान्यांसाठी विक्रेता म्हणून फिरती केली. या भटकंतीत खेड्यांतील दैन्य त्यांनी जवळून पाहिले.

वसतिगृहांची उभारणी

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत. त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान माधुकरी मागण्याची किंवा वार लावून जेवण्याची सोय होती. महार, मांग, रामोशी किंवा कुणबी मुलाला परगावी असे कोणते दार उघडे असणार?

खर्चाची तोंडमिळवणी कायम कठीण असे. भाऊराव गावोगाव फिरून धान्य व वर्गणी गोळा करीत; मुले स्वयंपाक, धुणे, शेतकाम स्वतः करीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या होत्या, तरी त्यांनी सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले. त्यांचे दागिने एकेक करून वसतिगृहासाठी खर्ची पडले. कोठीतील धान्य संपले आणि पैशाचा कोणताही मार्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या कार्याचे श्रेय सांगताना या स्त्रीचा उल्लेख तळटीपेत ढकलणे अन्यायाचे ठरेल. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू झाले.

कमवा आणि शिका

वसतिगृहातील स्वावलंबनाचे तत्त्व भाऊरावांनी उच्च शिक्षणातही आणले. जून १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय विनाशुल्क आणि निवासी होते. विद्यार्थी शेतात व बांधकामावर श्रम करीत आणि त्या बदल्यात त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होई. यामागे केवळ श्रमप्रतिष्ठेचा आदर्श नव्हता. दयेवर जगणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात दाता कधीही हात आखडता घेईल ही धास्ती असते; श्रमाच्या मोबदल्यात मिळणारे जेवण मात्र हक्काचे असते. शारीरिक कष्ट आणि अभ्यास यांचा मेळ प्रत्येकाला साधत असेल असे नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय.

१९५४ मध्ये कराड येथे संस्थेचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय सुरू झाले. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट. दिली, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेल्या या संस्थेचा विस्तार पुढे कोकणातही झाला. रायगड जिल्ह्यात पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय आणि उरण तालुक्यातील फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालय ही संस्थेचीच होत. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्या नावाने चालते.