हरवलेल्यांची यादी करणारी क्लारा बार्टनबाई

घरांतलें माणूस मेलें म्हणजे घरचे रडतात, त्यास माती देतात, आणि हळूहळू पुन्हां कामास लागतात. परंतु माणूस लढाईस गेलें, परत आलें नाहीं, आणि मेल्याचीहि खबर नाहीं, तर त्या घरानें काय करावें? बायकोनें आपणांस विधवा म्हणावें कीं सवाष्ण? आईनें दाराकडे किती वर्षें पाहात बसावें? अमेरिकेंत हजारों घरांवर असें दुःख आलें असतां एका बाईनें तें आपलें ओझें मानिलें. तिचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

क्लारा बार्टन ह्यांचा जन्म ता. २५ डिसेंबर १८२१ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील नॉर्थ ऑक्सफर्ड येथें झाला. पांच भावंडांत त्या सर्वांत धाकट्या व स्वभावानें फार लाजाळू होत्या. त्यांचा भाऊ डेव्हिड उंचावरून पडून अंथरुणास खिळला, तेव्हां ह्या लहान मुलीनें सुमारें दोन वर्षें त्याची शुश्रूषा केली. मोठेपणीं त्या शिक्षकीण झाल्या. १८५२ सालीं बॉर्डनटाऊन गांवीं त्यांनीं फी न घेणारी शाळा काढली. शाळा भरभराटीस आली, तेव्हां वरिष्ठांनीं तिच्यावर मुख्य म्हणून एका पुरुषास नेमिलें. बाईंनीं ती जागा सोडली, व वॉशिंग्टन शहरीं सरकारी पेटंट कचेरींत कारकुनी धरिली.

१८६१ सालीं गुलामगिरीच्या वादावरून उत्तर व दक्षिण प्रांतांत यादवी पेटली. बाई औषधें, पट्ट्या व अन्न गाड्यांत भरून रणांगणावर जाऊं लागल्या. १८६२ सालीं अँटिएटम येथें त्या एका जखमी शिपायास सांवरीत असतां एक गोळी त्यांच्या बाहींतून आरपार गेली, आणि तो शिपाई त्यांच्या हातांतच मेला.

युद्ध संपत आलें तेव्हां घरोघरच्या माणसांचीं पत्रें बाईंकडे येऊं लागलीं. आमचा मुलगा कोठें आहे, आमच्या धन्याचें काय झालें, हेंच सर्वांचें विचारणें. १८६५ च्या मार्च महिन्यांत अध्यक्ष लिंकन ह्यांची अनुमति मिळाली, आणि बाईंनीं आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडांतच शोधाची कचेरी उघडली.

कामाची रीत साधी होती. पत्रांतून आलेलीं नांवें प्रांतवार लावून त्यांची यादी छापावयाची, आणि ती वर्तमानपत्रांकडे व टपालकचेऱ्यांकडे पाठवावयाची. घरीं परतलेल्या एखाद्या शिपायानें यादींत आपल्या सोबत्याचें नांव पाहिलें, कीं तो बाईंना लिही. मग बाई त्याच्या घरीं कळवीत.

त्याच वर्षीं त्या जॉर्जिया प्रांतांत अँडरसनव्हिल येथें गेल्या. तेथील बंदीवासांत सुमारें तेरा हजार उत्तरेकडील शिपाई मेले होते. डोरन्स ॲटवॉटर नांवाच्या तरुण कैद्याकडे मृतांची नोंद ठेवण्याचें काम होतें. ती वही कदाचित् कुटुंबांच्या हातीं कधींच पडणार नाहीं, ह्या भयानें त्यानें गुप्तपणें दुसरी प्रत केली व सुटतांना लपवून आणिली. त्या यादीच्या आधारें थडग्यांवर नांवाच्या पाट्या लागल्या. सुमारें चारशें साठ मात्र बिननांवाचीं राहिलीं.

सर्वच शोध गोड ठरले नाहींत. एका जिवंत शिपायानें यादींत आपलें नांव पाहून रागानें बाईंना लिहिलें कीं, माझी अशी जाहिरात कां? बाईंनीं त्यास स्पष्ट कळविलें कीं, तुझ्या घरचीं माणसें तुझ्यासाठीं झुरत आहेत. ठावठिकाणा कळविण्याचें काम तुझेंच होतें.

१८६८ पर्यंत कचेरीकडे त्रेसष्ट हजारांहून अधिक पत्रें आलीं, व सुमारें बावीस हजार माणसांचा पत्ता लागला. त्यांतील पुष्कळांचा शोध थडग्यापाशींच संपला. तरी घरच्यांना कळलें, आणि रडून मोकळें होतां आलें. बाईंनीं आधीं पदरचा पैसा घातला. १८६६ सालीं सरकारनें पंधरा हजार डॉलर दिले.

पुढें प्रकृति खालावल्यामुळें त्या युरोपांत गेल्या. तेथें त्यांस रेडक्रॉसची माहिती झाली, आणि १८८१ सालीं त्यांनीं अमेरिकेंत ती संस्था स्थापिली. १८८९ सालीं जॉन्सटाऊन येथें धरण फुटून दोन हजारांवर लोक मेले, तेव्हां सदुसष्ट वर्षांच्या बाई स्वतः धांवून गेल्या. ता. १२ एप्रिल १९१२ रोजीं त्या वारल्या.

असाच शोध पहिल्या महायुद्धांत जिनिवा येथील रेडक्रॉसनें लाखों चिठ्ठ्या लावून केला. १९१६ सालीं कूत येथें शरण गेलेल्या सैन्यांत मराठा पलटणीहि होत्या; तेव्हां ही वाट पाहणें आपल्या मुलखासहि ठाऊक आहे.

प्रिय वाचकहो, बार्टनबाईंचें हत्यार काय होतें? कागद, लेखणी आणि एकेका नांवाची आस्था. आपल्यांतील ज्यांस लिहितां येतें त्यांनीं हें ध्यानीं धरावें. पूर येवो, सांथ येवो, कीं पोटासाठीं लोक दूर देशीं जावोत. कोण गेला, कोठें गेला, कोणाचा कोण, हें लिहून ठेवावें, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें पत्र आपण लिहावें. तेवढ्या एका ओळीनें एखाद्या आईची कित्येक वर्षांची वाट संपेल.