मराठीतलं सगळ्यात फेमस बदक मुळात बदक नव्हतंच, आणि ते लिहिणाऱ्याची पहिली नोकरी होती हंस पिक्चर्समध्ये

बदक म्हटलं की कुणाला काय आठवेल सांगता येत नाही.

ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना दूरदर्शनवरची रविवारची डकटेल्स आठवणार. सोन्याच्या नाण्यांत सूर मारणारा कंजूष स्क्रूज काका आणि त्याचे तीन पुतणे. त्याच्याही आधीचा डोनाल्ड डक, जो 1934 साली पडद्यावर आला आणि क्लॅरेन्स नॅश नावाच्या माणसाने त्याला तो चिडका, फाटका आवाज दिला. जगभरात बदकांचे सुपरस्टार हेच.

पण परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात जा, कोकणात जा, नाहीतर न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात जा. तिथल्या मराठी माणसाला बदकाचं गाणं म्हणायला सांगा. डोनाल्ड राहील बाजूला, सगळे एकच गाणं सुरू करतील. तळं, त्यातली देखणी पिल्लं आणि त्यांच्यात एक वेगळं. या पिल्लाला डोनाल्डसारखं नाव नाही, त्याचं खेळणं बाजारात मिळत नाही, दप्तरावर त्याचं चित्र नसतं. तरीही ते सगळ्यांना पाठ आहे.

हे पिल्लू मराठीत आणलं ग. दि. माडगूळकरांनी. म्हणजे गदिमांनी. आणि गदिमांचं स्वतःचं आयुष्य बघितलं तर ते त्या पिल्लाच्या गोष्टीपेक्षा कमी नाही.

तर सुरुवात जन्मापासूनच करू.

1 ऑक्टोबर 1919. गाव शेटफळे, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं. गदिमांचं हे आजोळ. त्यांच्या जन्माची एक गोष्ट सांगितली जाते. बाळ जन्मलं ते निपचित. रडेना, हलेना. घरच्यांनी आशा सोडली आणि पुरण्यासाठी खड्डा खणायची तयारी झाली. शेवटचा प्रयत्न म्हणून सुईणीने बेंबीजवळ निखारा धरला. चटका बसला तसं पोर रडायला लागलं. ज्याला मेलेला समजून मातीत घालायला निघाले होते, त्याच पोराने पुढे दीडशेहून जास्त मराठी चित्रपटांची गाणी लिहिली.

मूळ गाव माडगुळे. वडील दिगंबरपंत औंध संस्थानात कारकून. घरात खाणारी तोंडं भरपूर, पगार बेताचा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, चित्रकलेचं आणि कीर्तनाचं वेड असलेले राजे. अशा संस्थानात गजाननाचं शिक्षण झालं. ओव्या, अभंग, तमाशातल्या लावण्या, कीर्तनं हे सगळं कानावर पडत होतं आणि डोक्यात साठत होतं. शाळेच्या पुस्तकांचं मात्र तसं नव्हतं. मॅट्रिकची पायरी काही त्यांना चढता आली नाही.

त्या काळात गरीब कारकुनाच्या थोरल्या मुलाने मॅट्रिक नापास व्हायचं म्हणजे घराच्या आशेवर पाणी. मास्तरकी गेली, कारकुनी गेली. उरला एकच रस्ता, तो कोल्हापूरला जायचा.

कोल्हापूर तेव्हा मराठी सिनेमाचं माहेरघर होतं. तिथे 1936 साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी एक कंपनी काढली होती. तिचं नाव हंस पिक्चर्स. नापास झालेला, खिशात दमडी नसलेला, खेड्यातला हा पोरगा याच हंसच्या दारात जाऊन उभा राहिला. 1938 साली ब्रह्मचारी आला. लेखन आचार्य अत्र्यांचं, नायक मास्टर विनायक आणि नायिका मीनाक्षी. पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षीमुळे या सिनेमाने महाराष्ट्रात केवढी खळबळ उडवली होती. त्याच सिनेमात एका बारक्या भूमिकेत गदिमा पहिल्यांदा पडद्यावर दिसले.

म्हणजे नट व्हायला आले होते. पण हिरोचं रूप नव्हतं. अंगाने स्थूल, रंगाने सावळे. छोट्यामोठ्या भूमिका मिळत राहिल्या, नाव होईल असं काही मिळेना.

दिवस कसे निघायचे? मग एक काम मिळालं. हंससाठी कथा लिहिणारे वि. स. खांडेकर कोल्हापुरातच राहायचे. त्यांची नजर अधू, त्यामुळे ते सांगायचे आणि दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यायचं. गदिमा त्यांचे लेखनिक झाले. पुढे 1974 साली मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारा लेखक सांगतोय आणि मॅट्रिक नापास पोरगा उतरवून घेतोय. वाक्य कुठे थांबवायचं, कुठला शब्द खोडून कुठला घालायचा, हे रोज डोळ्यांसमोर घडत होतं. शिवाय खांडेकरांच्या घरी पुस्तकं होती. माझ्या मते गदिमांचं खरं कॉलेज हेच.

1942 साली भक्त दामाजी आणि पहिला पाळणा या सिनेमांसाठी त्यांनी गाणी लिहिली. इथून गाडी रुळावर आली. 1947 साली लोकशाहीर रामजोशी आला. कथा, संवाद आणि गाणी गदिमांची, शिवाय एक भूमिकाही. लहानपणी गावात ऐकलेली लावणी आणि कीर्तनातला पंडिती बाज, दोन्ही त्यांनी एकाच सिनेमात वापरले. लोकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला.

आणि लगेच पुढच्या वर्षी आघात. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींची हत्या झाली, त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. माडगुळ्यातलं त्यांचं घरही जळालं. याच जाळपोळीच्या दिवसांवर धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांनी पुढे वावटळ ही कादंबरी लिहिली. हे तेच व्यंकटेश, बनगरवाडीवाले. गदिमांनी मात्र गावाशी नातं तोडलं नाही. माडगुळ्याच्या शेतात पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली होती, बामणाचा पत्रा म्हणून ती ओळखली जाते. पुण्यात मोठं नाव झाल्यावरही लिहायला ते तिथे जाऊन बसायचे.

पन्नासचं दशक गदिमांचं होतं असं म्हटलं तर कुणी भांडायला येणार नाही. पुढचं पाऊल, लाखाची गोष्ट, पेडगावचे शहाणे, एकामागून एक. 1953 सालच्या देवबाप्पामधलं नाच रे मोरा हे त्यांचंच, संगीत पुलंचं आणि आवाज आशा भोसले यांचा. मामाच्या गावाला नेणारी झुकझुक अगीनगाडीसुद्धा त्यांचीच. चुडावा पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं स्टेशन, त्यामुळे तिथल्या पोरांना हे गाणं शिकवताना गाडीचा आवाज वेगळा काढून दाखवायची गरज पडत नसेल.

1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीत रामायण सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक गाणं, वर्षभरात 56 गाणी. पहिल्याच गाण्याच्या वेळचा किस्सा प्रसिद्ध आहे. गदिमांनी लिहून दिलेला कागद ऐन वेळी सापडेना. रेकॉर्डिंग तोंडावर. गदिमा आधी वैतागले, मग त्यांना एका खोलीत बसवलं गेलं आणि थोड्याच वेळात ते नवा कागद घेऊन बाहेर आले. तेच गाणं आज आपण ऐकतो.

रामायणाची गाणी लिहिणाऱ्या याच हाताने सिनेमातल्या लहान मुलांसाठी त्या पिल्लाचं गाणं लिहिलं. आवाज पुन्हा आशाताईंचा.

आता मूळ गोष्ट कुणाची? डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन अँडरसनची. 1805 साली ओडेन्स गावात जन्मलेला, बाप चांभारकाम करणारा, आई लोकांचे कपडे धुणारी. चौदाव्या वर्षी, 1819 साली, नट व्हायला तो एकटाच राजधानी कोपनहेगनला गेला. उंच, काटकुळा, लांब नाकाचा. लोक हसायचे. नट म्हणून जमलं नाही, लेखक म्हणून जगभर गाजला. 1843 साली त्याने कुरूप पिल्लाची गोष्ट छापली आणि ही आपलीच गोष्ट असल्याचं त्याने कधी लपवलं नाही.

अँडरसन घर सोडून निघाला त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी गदिमांचा जन्म. दोघंही गरीब घरातले, दोघंही नट व्हायला निघाले, दोघांनाही चेहऱ्याने साथ दिली नाही आणि दोघंही शब्दांनी तरले. गदिमांनी ते गाणं स्वतःवर लिहिलं, असं काही मी म्हणणार नाही. सिनेमात प्रसंग होता, गाणं हवं होतं, त्यांनी लिहून दिलं. पण गोष्टीत त्यांनी काय बदललं ते बघण्यासारखं आहे.

अँडरसनची गोष्ट लांबलचक आहे. त्यात अंडी उबवणारी आई आहे, जी सुरुवातीला पिल्लाची बाजू घेते आणि शेवटी तीसुद्धा हे इथून गेलं तर बरं म्हणते. शिकारी आहेत, त्यांचे कुत्रे आहेत, एका म्हातारीचं घर आहे जिथे मांजर आणि कोंबडी पिल्लाला अक्कल शिकवतात. मग हिवाळा येतो आणि पिल्लू बर्फात गोठून मरायला टेकतं. वसंतात त्याला राजहंस दिसतात. आता यांनी आपल्याला टोचून मारलं तरी चालेल, असं ठरवून ते त्यांच्यासमोर मान खाली घालतं. मरणासाठी झुकवलेल्या त्या मानेखालच्या पाण्यात त्याला स्वतःचं रूप दिसतं.

गदिमांनी यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. शिकारी नाहीत, म्हातारी नाही, बर्फ तर नाहीच. महाराष्ट्रातल्या कुठल्या पोराला गोठलेलं तळं माहीत असणार? राहिलं एक तळं आणि चार कडव्यांत बसेल एवढं दुःख. कुणी खेळायला घेत नाही, भावंडं विचारत नाहीत, जो तो टोचतो, आणि हे बिचारं एकटंच रडतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत ज्याला कुणी खेळायला घेत नाही, त्या पोराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटही बदलला. गदिमांच्या गाण्यात दुसरे हंस येतच नाहीत. पिल्लू हंस आहे हे त्याला कुणी येऊन सांगत नाही, टाळ्या वाजवायलाही कुणी नाही. ते चोरून, क्षणभर पाण्यात बघतं आणि त्याचं त्यालाच कळतं. चोरून बघण्याची जागा मला फार खरी वाटते. ज्याला सगळे हसतात तो आरशात उघडपणे बघत नाही.

शब्दसुद्धा नेमका पडलाय. युरोपातल्या मुलांसाठी तो एक मोठा पांढरा पक्षी. आपल्याकडे हंस म्हणजे सरस्वतीचं वाहन, दूध आणि पाणी वेगळं करणारा. राजहंस एवढं म्हटलं की आपल्याकडच्या मुलाला पुढे समजवायला नको. खरं तर अँडरसनचा तो स्वान पक्षी आपल्या तळ्यांवर नसतोच. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीवर उतरणारा पट्टकादंब, ज्याला आपल्याकडे राजहंसही म्हणतात, तो वेगळाच, करड्या रंगाचा. त्याच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात.

या गाण्याबद्दल एक तक्रारही आहे, आणि ती मला पटते. पिल्लू शेवटी हंस निघालं म्हणून सुटलं. ते बदकच असतं आणि तरीही दिसायला वेगळं असतं, तर? एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हे गाणं नाचातून बसवलेलं पाहिलंय. कुरूप पिल्लाच्या भूमिकेसाठी वर्गातली सगळ्यात सावळी मुलगी निवडली होती आणि शेवटी राजहंस म्हणून पंख लावून दुसरीच गोरी मुलगी विंगेतून आली. निवडणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण गाण्यात पिल्लू बदललेलं नसतं, ते आधीपासून हंसच असतं, एवढी साधी गोष्ट तिथे कुणाच्या लक्षात आली नव्हती.

गदिमांकडे परत येऊ.

1957 साली व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ आला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. ही कथा गदिमांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुल्या तुरुंगाची वसाहत होती, भिंती नसलेली. त्या प्रयोगावरून ही कथा सुचली. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, 1958 साली बर्लिनच्या महोत्सवातही तो गाजला. पाठोपाठ नवरंग आला. ज्या तालुक्यात मेलेला समजून पुरायची तयारी झाली होती, त्याच तालुक्यातली गोष्ट जर्मनीत जाऊन आली.

पुढे विधान परिषदेचं सदस्यत्व मिळालं. 1969 साली पद्मश्री मिळाली. आणि 1973 साली यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. सिनेमाला गाणी लिहिणारा माणूस कवी कसला, असं नाक मुरडणारे तेव्हाही होतेच. मॅट्रिक नापास माणूस त्या खुर्चीत बसला.

14 डिसेंबर 1977 ला पुण्यात गदिमा गेले. वय अवघं 58. त्यांचं पुण्यातलं घर, पंचवटी, वाकडेवाडीला मुंबई-पुणे रस्त्यालगत आहे.

बदकाचं ते गाणं आता यूट्यूबवर कार्टूनमध्ये मिळतं, पन्नास तऱ्हेचं. बहुतेकांत शेवटी येणारा हंस पांढराशुभ्र आणि परदेशी असतो, आणि तळ्याकाठी नारळाची झाडं असतात.