रामायणाची चित्रं स्वतः काढून पुस्तक छापणारा औंधचा राजा, ज्याने पुढे राज्यही लोकांना देऊन टाकलं

नागपूरपासून जवळच असलेल्या रामटेकला कधी गेला असाल, तर गडमंदिराच्या वाटेवर रामाच्या तसबिरी नक्की पाहिल्या असतील. वनवासात राम इथे थांबला म्हणून हे रामटेक, अशी आख्यायिका. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असंही मानतात. म्हणून तिथे कालिदासाचं स्मारक आहे आणि त्याच्या भिंतींवर कालिदासाच्या काव्यांमधले प्रसंग चितारलेत.

आता जरा विचार करा. राम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते आलं कुठून? मुकुट, पितांबर, धनुष्य, बाजूला सीता, पायाशी हनुमान. वाल्मीकींनी तर काही चित्र काढून ठेवलं नव्हतं.

याचं मोठं श्रेय जातं राजा रविवर्म्याला. त्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवघरातले देव कागदावर छापून घराघरांत पोचवले. हा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक राजा हातात ब्रश घेऊन बसला होता. हा नुसता नावाचा राजा नव्हता, याला खरंखुरं संस्थान होतं.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक म्हणायचे बाळासाहेब. संस्थान औंध, जिल्हा सातारा.

आज एखादा पोरगा किंवा पोरगी स्वतः चित्रं काढते, स्वतः मजकूर लिहिते, पदरचे पैसे घालून पन्नास प्रती छापते आणि प्रदर्शनात टेबल मांडून विकते. त्याला झीन म्हणतात. बाळासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी जे केलं त्याची जात तीच. फरक इतकाच की यांच्याकडे खजिना होता. हा फरक काही लहान नाही, हेही लक्षात ठेवा.

तर बाळासाहेबांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. घराणं छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात पुढे आलेल्या परशुराम त्र्यंबक पंतप्रतिनिधींचं. कुलदेवता यमाई. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बीए झाले. तेव्हाच्या संस्थानिकांमध्ये पदवीधर शोधायला कंदील लागायचा. पुढे मुंबईत कायद्याचा अभ्यासही केला.

खरं तर गादी त्यांच्या वाट्याला यायची नव्हती. 1901 मध्ये वडील गेले, गादीवर थोरले बंधू आले. त्यांच्यानंतर पुतण्या आला. पण 1909 मध्ये इंग्रजांनी पुतण्याला पदच्युत केलं आणि चाळिशी ओलांडलेले बाळासाहेब राजे झाले. राज्य किती मोठं? 72 गावांचं. तीही सलग नाहीत. सातारा, सांगली, सोलापूर, विजापूर या भागांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली, आणि बरीचशी दुष्काळी.

बाकीचे राजे शिकार आणि मोटारी यांत रमत होते, तेव्हा हा माणूस पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायचा, यमाईच्या देवळात स्वतः कीर्तनाला उभा राहायचा आणि वेळ मिळाला की चित्रं काढायचा. ज्याची प्रजा समोर बसलीये असा राजा पदरी वीणा घेऊन हरिकथा सांगतोय, हे दृश्यच भारी आहे. पण चित्र आणि कीर्तन ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामं नव्हती. कीर्तनकार प्रसंग शब्दांनी उभा करतो, चित्रकार रंगांनी. गोष्ट मात्र तीच.

यातूनच 1916 मध्ये चित्ररामायण आलं. इंग्रजीत ते पिक्चर रामायण म्हणून ओळखलं जातं. मुंबईच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये छापलेलं हे पुस्तक. रामकथा प्रसंगाप्रसंगाने पुढे सरकते आणि चित्रं खुद्द राजेसाहेबांची.

आज मोबाईलवर फोटो काढून पीडीएफ करणाऱ्यांना यातली मेहनत कळणार नाही. तेव्हा रंगीत चित्र छापायचं म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागायचा. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे आणि एखादा ठसा केसभर जरी सरकला तरी सीतेचे ओठ गालावर जायचे. शिवाय 1916 म्हणजे पहिलं महायुद्ध चालू होतं.

चित्रं कशी होती? स्पष्ट सांगायचं तर रविवर्म्याची सफाई त्यांच्यात नाही. काही ठिकाणी माणसं नाटकातल्या पात्रांसारखी जागच्या जागी उभी वाटतात. पण बाळासाहेबांना एक प्रश्न पडला होता जो फार थोड्यांना पडतो. त्या काळातली माणसं नेमकी कशी दिसत असतील? नेसत काय असतील, दागिने कसे असतील, रथ कसा असेल? रविवर्म्याच्या देवी नऊवारी नेसतात. त्या आपल्याला घरच्या वाटतात, पण पुराणकाळात नऊवारी कुठली?

याचं उत्तर शोधायला ते जुन्या शिल्पांकडे आणि भित्तिचित्रांकडे वळले. अजिंठा आणि वेरूळचा त्यांनी इतका अभ्यास केला की दोन्हींवर माहितीपर पुस्तकं लिहिली. वेरूळवरचं 1929 मध्ये आलं आणि अजिंठ्यावरचं 1932 मध्ये.

हा नाद त्यांना आणखी मोठ्या कामाकडे घेऊन गेला. 1918 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं. म्हणजे देशभरातली हस्तलिखितं गोळा करायची, श्लोक न् श्लोक ताडून बघायचा आणि सगळ्यात विश्वासार्ह पाठ ठरवायचा. पैसा कोण देणार? बाळासाहेबांनी एक लाख रुपयांचं वचन दिलं. 72 गावांच्या, दुष्काळी मुलखातल्या राजाने. हा पैसा शेवटी रयतेच्याच घामाचा होता, त्यामुळे यावर वाद घालायला जागा आहे. पण त्या वचनाशिवाय काम उभं राहणं अवघड होतं. आणि अट म्हणा, हौस म्हणा, ग्रंथातली चित्रं बाळासाहेबच काढणार होते.

त्याच सुमारास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले. तेही मुळात जेजे स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार, पण वेदांच्या नादाला लागलेले. त्यांनी औंधमध्ये स्वाध्याय मंडळ काढलं आणि तिथून वेदांची पुस्तकं छापून देशभर पाठवली. सातारा जिल्ह्यातलं एक आडगाव धार्मिक प्रकाशनाचं केंद्र झालं ते असं. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचं माळरान देणारे बाळासाहेबच. आजची किर्लोस्करवाडी ती हीच. सूर्यनमस्कारांवरही त्यांनी पुस्तक लिहिलं आणि तो व्यायाम संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केला.

आता या माणसाने केलेली सगळ्यात धाडसी गोष्ट. 1938 मध्ये त्यांनी जाहीर केलं की राज्याचा कारभार लोकांच्या हाती द्यायचा. यामागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनियर होता. राज्यघटनेचा सल्ला घ्यायला मंडळी थेट गांधीजींकडे गेली. जानेवारी 1939 मध्ये घटना लागू झाली आणि गावोगावच्या पंचायती कारभार बघू लागल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत निघाली. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथचं मूळ तिथे आहे.

त्याआधी 1938 मध्येच औंधच्या टेकडीवर, यमाईच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय उघडलं होतं. राजांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं तिथे लोकांसाठी मांडलं. रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत आणि चक्क हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं माय-लेकराचं शिल्पही आहे. साताऱ्याला गेलात तर कासचं पठार एखाद्या वेळी चुकवा, पण हे चुकवू नका.

1948 मध्ये औंध भारतात विलीन झालं. 1951 मध्ये बाळासाहेब गेले. महाभारताचं काम तेव्हाही चालूच होतं. मुख्य संपादक वि. स. सुकथनकर तर 1943 मध्येच वारले होते. शेवटी 1966 मध्ये, म्हणजे वचन दिल्यानंतर 48 वर्षांनी, ते पूर्ण झालं आणि राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते प्रकाशित झालं.

त्या महाभारताची पहिली पानं उघडलीत, तर संपादकाच्या नावासोबत चित्रकाराचंही नाव दिसतं. प्राचीन नमुन्यांवरून चित्रं काढणारे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आणि नावापुढे लावलंय, बीए.