मळा न सोडणारा वारकरी : श्रीसंत सावता महाराज

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांनी फुलून जाण्याचा हा दिवस. अशा दिवशी पंढरीला न गेलेल्या भक्ताचे स्मरण करावे, हे कोणास विपरीत वाटेल. परंतु अरणच्या सावता महाराजांवाचून वारकऱ्यांची मांदियाळी पुरी होत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. शके ११७२ मध्ये (इ. स. १२५०) त्यांचा जन्म झाला. पिता परसोबा, माता नांगिताबाई. आजोबांपासून घरात पंढरीची वारी चालत आलेली. भेंड गावच्या जनाबाईंशी सावतोबांचा विवाह झाला आणि त्यांनी वडिलोपार्जित मळा हाती घेतला. वारी मात्र त्यांच्याकडून घडली नाही, असे परंपरा सांगते.

त्यांची भक्ती उणी होती, असे म्हणावे तर मळ्याचा धर्म जाणून घ्यावा. जिरायत शेतकरी पेरणी उरकून, आभाळाकडे पाहून, चार दिवस टाळ हाती घेऊ शकतो. भाजीपाला करणाऱ्यास ती मोकळीक नाही. त्यातून माढ्याचा हा मुलूख कमी पावसाचा. येथला खरा भरवशाचा पाऊस भाद्रपदाच्या सुमारास येतो. आषाढात दिंड्या पंढरीची वाट चालू लागत, तेव्हा अरणच्या वाफ्यांतील कोवळी रोपे मोटेच्या पाण्यावरच तग धरून असत. पाण्याची एक पाळी चुकली तर महिन्याची मेहनत करपते. कार्तिकी वारीच्या वेळी मुळा, मेथी, कोथिंबीर भराला आलेली असते. आज काढावयाची जुडी परवावर टाकता येत नाही. हिवाळ्यात कांद्याची लागण आणि खुरपणी. वैशाखात विहीर तळ गाठते, मग गाळ उपसणे व वाफ्यांत शेणखत पसरणे. बैल धावेवरून मागे पुढे होत असत, थारोळ्यातील पाणी पाटाने धावे आणि दारे धरणारा क्षणभरही वाफ्यावरून दृष्टी काढू शकत नसे.

या अखंड कामातच सावतोबांना विठ्ठल भेटला. मोट, विहीर, भाजीचा वाफा ही त्यांच्या अभंगांची सामग्री. आपले कर्म सोडून देव शोधावयास जावे, हे त्यांना मानवले नाही. योगयागादी खटाटोपांवाचून नामस्मरणाने देव प्रसन्न होतो, हीच त्यांची शिकवण. लोकांनी कनिष्ठ मानलेल्या जातीत जन्म मिळाला, याचेही त्यांना समाधान होते, कारण त्यामुळे कर्मठपणाच्या गुंत्यातून आपण सुटलो, असे ते मानीत. हे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. आज सदतीसच उपलब्ध आहेत. त्यांतील एका प्रसिद्ध अभंगात मिरचीचे नाव येते. हे पीक तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. तेव्हा तो शब्द पुढील गायकांच्या मुखी रुळला असावा, असे वाटते. त्याने अभंगाची गोडी मात्र तसूभरही उणी होत नाही.

प्रपंच सरळ नव्हता. एकदा सासुरवाडीची माणसे दारी आली असता सावतोबा भजनात रंगले होते. पाहुण्यांची विचारपूस झाली नाही, म्हणून जनाबाई रुष्ट झाल्या. पुढे त्यांचा राग निवळला, असे चरित्रकार सांगतात. पण पाहुण्यांपुढे खाली मान घालावी लागलेल्या गृहिणीचे दुःखही आपल्या भगिनींनी ध्यानी घ्यावे.

मळ्यातील भेटीची कथा सर्वश्रुत आहे. ज्ञानदेव व नामदेव यांच्यासह पांडुरंग कूर्मदासाच्या भेटीस निघाले. अरणजवळ येताच देव पुढे झाले, एकटेच मळ्यात शिरले आणि मागून चोर येत आहेत, मला लपव, असे विनवू लागले. सावतोबांनी हातातील खुरप्याने आपले उदर चिरून देवास आत घेतले व वरून उपरणे बांधले. नामदेवांनी व्याकूळ होऊन सारा मळा धुंडाळला. अखेरीस त्यांचा आक्रोश ऐकून देव प्रकट झाले. सदैव देवाच्या सन्निध राहणाऱ्या नामदेवांना त्या दिवशी एका माळ्याच्या दारी देवाची याचना करावी लागली!

शके १२१७ मध्ये (इ. स. १२९५) आषाढ वद्य चतुर्दशीस, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सावता महाराजांनी देह ठेवला. अरण येथे त्यांची समाधी आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपुरास येतात. अरणची पालखी तेथे जात नाही. पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी पंढरपुराहून पांडुरंगाचीच पालखी अरणला येते.